वृक्षवैद्यांचें श्रमदान

पुण्याहून नगरास येणाऱ्या रस्त्यावर शहराच्या अगोदर केडगांव लागतें. श्रीरेणुकामातेच्या देवस्थानामुळें या गांवाचें नांव जिल्ह्यांत सर्वांस ठाऊक आहे. नवरात्रांत येथें यात्रा भरते आणि पहाटेपासून माणसांची रीघ लागते. एके काळीं शेतमळ्यांचें असलेलें हें गांव आज महानगरपालिकेच्या हद्दींत मोडतें, आणि जेथें बांध होते तेथें आतां घरांच्या ओळी उभ्या आहेत. जिल्ह्याचें नांवहि बदललें. १७२५ सालीं चौंडी येथें जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांच्या नांवानें २०२४ पासून तो अहिल्यानगर म्हणून ओळखला जातो. बदललें नाहीं तें येथील ऊन. वर्षाकाठीं ५०० ते ६०० मिलिमीटर पावसावर निभावणाऱ्या या मुलुखांत, वैशाखाच्या भर दुपारीं रस्त्याकडेच्या एका कडुनिंबाची सावली म्हणजे काय चीज आहे, हें येथें राहणारास सांगावयास नको.

अशा गांवांत झाडांची निगा राखणें हा ज्यांच्या पोटापाण्याचा धंदा आहे, त्यांनीं आपल्या गांवासाठीं विनामूल्य काय करावें, आणि गांवानेंहि त्यांच्याकडून काय घ्यावें व काय घेऊं नये, याविषयीं आज आपल्याशीं बोलावयाचें योजिलें आहे.

प्रथम हे धंदेवाले कोण, तें पाहूं. रोपवाटिका चालविणारे आहेत. बंगल्यांच्या बागा राखणारे माळी आहेत. कोयता कमरेस खोंवून नारळावर चढणारे आहेत. यंत्राची करवत व दोर घेऊन मोठमोठ्या फांद्या उतरविणारे कंत्राटदार आहेत. आणि अलीकडे मुंबई-पुण्याकडे झाडाची प्रकृति तपासून उपचार सांगणारे शास्त्र शिकलेले तज्ज्ञहि निघाले आहेत. या सर्वांस मिळून मी आज ‘वृक्षवैद्य’ म्हणणार आहें. त्यांतील प्रत्येकजण या नांवास पात्र आहे असें नव्हे. परंतु एखाद्यास मोठ्या नांवानें हांक मारली म्हणजे तो त्या नांवास जागण्याचा यत्न करतो, असा अनुभव आहे.

माणसांच्या वैद्याविषयीं आपल्या समाजांत एक जुनी समजूत आहे. त्यानें श्रीमंताकडून दाम घ्यावे, पण दारीं आलेल्या गरिबाची नाडी फुकट पाहावी. झाडाजवळ तर दाम देण्यास कांहींच नसतें. बंगल्याच्या आवारांतील आंब्यास मालक आहे. रस्त्यावरच्या पिंपळास, शाळेच्या अंगणांतील चिंचेस आणि स्मशानाच्या वाटेवरील वडास कोण आहे? कागदोपत्रीं कोणी असेलहि. परंतु फांदी मोडली, खोडास वाळवी लागली किंवा बुंध्याशीं पोकळी पडली, तर ‘माझें झाड आजारी आहे’ म्हणून धांवत जाणारा कोणी नसतो. अशा अनाथ रोग्यांसाठीं त्या विद्येच्या जाणकारांनीं वर्षांतून चार दिवस काढावे, एवढीच ही कल्पना आहे.

ही कल्पना परदेशांत चांगली रुजलेली आहे. इंग्लंडांत १८४६ सालीं जन्मलेला जॉन डेव्ही हा माळी अमेरिकेंत गेला आणि ओहायो राज्यांतील केंट या गांवीं तेथील स्मशानभूमीची देखभाल त्याच्याकडे आली. त्या दुर्लक्षित जागेंतील झाडें जगवितां जगवितां त्याची विद्या तयार झाली, आणि १९०१ सालीं त्यानें ‘झाडांचा डॉक्टर’ या अर्थाच्या नांवाचें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याच्या नांवाची कंपनी त्या देशांत आजहि नामांकित आहे. त्याच अमेरिकेंत २०१५ पासून ‘सॅल्यूटिंग ब्रँचेस’ या नांवाचा उपक्रम चालतो. वृक्षोपचार करणाऱ्या कंपन्या वर्षांतून एक दिवस आपलें नेहमींचें काम बाजूस ठेवतात, आणि आपलीं माणसें, दोर व यंत्रें घेऊन सैनिकांच्या स्मशानभूमींतील झाडांचें काम विनामूल्य करतात. धोक्याच्या फांद्या उतरवितात, रोगट झाडांस उपचार करतात. हें काम हौशी मंडळीच्या हातून होण्याजोगें नाहीं, आणि म्हणूनच त्याची किंमत मोठी आहे.

आतां आपल्याकडे वळूं. श्रमदान हा शब्द नगर जिल्ह्यास कोणीं शिकवावयास नको. नगर तालुक्यांतीलच हिवरे बाजार या गांवानें १९८९ नंतरच्या काळांत चराईबंदी, कुऱ्हाडबंदी व श्रमदान हे नियम स्वतःवर घालून घेतले आणि उजाड माळ पुनः हिरवा केला. राळेगणसिद्धीची कीर्ति तर त्याहूनहि जुनी आहे. परंतु हा श्रमदानाचा धडा गांवांनीं डोंगरउतारावर गिरविला. शहराच्या कडेस, डांबरी रस्ता आणि विजेच्या तारा यांच्यामध्यें सांपडलेल्या झाडास तो अजून लागू व्हावयाचा आहे. तेथें जें ‘फुकट’ चालतें, तें निराळ्याच जातीचें आहे.

हें दृश्य आपल्यापैकीं अनेकांनीं पाहिलें असेल. घरापुढें मोठें झाड आहे. पानांचा कचरा पडतो, फांदी गच्चीवर आली आहे, किंवा नवी मोटार ठेवावयास जागा हवी आहे. एक गृहस्थ येतो आणि म्हणतो, ‘साहेब, एक पैसा देऊं नका. आम्हीं सारें साफ करून देतों.’ घरधनी खूष होतो. सायंकाळपर्यंत जेथें झाड होतें तेथें बुंधा उरतो, आणि लाकूड भरलेला टेम्पो वखारीकडे निघून जातो. श्रोतेहो, या कामास फुकट म्हणावें काय? मजुरी चुकती झालीच. फक्त ती घरधन्यानें न देतां झाडानें दिली. ज्या गांवांत झाड राखण्याच्या कामास कोणी पैसा देत नाहीं आणि तोडण्याच्या कामाचा पैसा झाडांतूनच निघतो, तेथें राखणाराहि हळूहळू तोडणारा बनतो. त्याच्या हातांतील हत्यार तेंच, दोर तोच आणि चढण्याचें कसबहि तेंच असतें. केवळ सायंकाळीं घरीं काय न्यावयाचें, एवढ्यावरून वैद्य आणि व्यापारी वेगळे होतात.

आपल्या पूर्वजांस हा प्रश्न चांगला कळला होता. अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्यांनीं लिहिलेल्या आज्ञापत्रांत आरमारासाठीं लागणाऱ्या लाकडाचा विचार आहे. रयतेच्या आंबा-फणसांस हात लावूं नये, कारण हीं झाडें वर्षां-दोन वर्षांत होत नाहींत आणि लोकांनीं तीं लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात. एखादें झाड अगदीं जीर्ण झालें असेल तरच मालकास राजी करून, त्याचें मोल देऊन तें घ्यावें, असा त्यांतील आशय आहे. राज्याचें आरमार उभें करावयाचें असतांहि जेथें ‘फुकट’ लाकूड वर्ज्य मानलें गेलें, तेथें आपल्या मोटारीच्या जागेची काय कथा!

तेव्हां वृक्षवैद्यांच्या श्रमदानाची पहिली अट अशी असावी कीं, त्या दिवशीं एकहि ओंडका धंदेवाल्याच्या गाडींत चढतां कामा नये. पाला बारीक करून त्याच झाडाच्या आळ्यांत पसरावा. त्यानें ओल टिकते व मातीचा कस वाढतो. लाकूड निघालेंच तर तें रीतसर नोंद करून महानगरपालिकेच्या स्वाधीन करावें. ही अट ज्यास मान्य नसेल त्यानें आपला धंदा खुशाल करावा, परंतु त्यास श्रमदान म्हणूं नये.

दुसरी गोष्ट विद्येची. झाडाच्या जखमेविषयीं आपल्या मनांत बऱ्याच खुळ्या समजुती आहेत. माणसाच्या शरीरास जखम झाली म्हणजे तेथें नवें मांस येऊन ती भरून निघते. झाडाचें तसें नाहीं. अलेक्स शायगो या अमेरिकन शास्त्रज्ञानें गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत हजारों खोडें यंत्रकरवतीनें चिरून पाहिलीं आणि असें दाखविलें कीं, झाड जखम भरून काढीत नाहीं. तें तिच्याभोंवतीं आंतून जणू भिंती घालतें, कीड व कूज त्या भिंतींच्या आड कोंडतें आणि बाहेरून नवें लाकूड वाढवून तोंड मिटवितें. प्रत्येक जखम झाडाच्या पोटांत जन्मभर राहते. यावरून कापण्याची रीत ठरते. फांदी जेथें खोडास मिळते तेथें सालीचें एक फुगीर वळें दिसतें. तें वळें राखून, त्याच्या किंचित् बाहेर काप घेतला तर जखम लवकर मिटते. खोडाशीं सपाट घासून कापलें तर त्या भिंतींचा पायाच उखडला जातो. जड फांदी एका घावांत पाडूं नये. आधीं खालून अर्धवट काप, मग थोडें पुढें वरून काप, आणि भार उतरल्यावर शेवटचा नेमका काप, अशा तीन कापांत ती उतरवावी, म्हणजे साल सोलवटत खालीं येत नाहीं. जखमेवर डांबर किंवा रंग फांसण्याचा फारसा उपयोग नाहीं, आणि पोकळींत सिमेंट भरण्याची जुनी पद्धत तर आतां जाणत्यांनीं सोडून दिली आहे.

यापेक्षांहि मोठा अपराध म्हणजे शेंडा छाटून झाड बोडकें करणें. त्यास पुष्कळजण ‘साफ करणें’ असें गोड नांव देतात. अशा झाडास पुढच्या पावसांत भराभर धुमारे फुटतात आणि मालकास वाटतें कीं, झाड चांगलें टवटवीत झालें. वास्तविक ते धुमारे वरवर चिकटलेले असतात. ते जाड झाले कीं वळवाच्या वाऱ्यांत नेमके तेच मोडून पडतात. मादागास्करहून आलेला आपला लाडका गुलमोहर आधींच ठिसूळ लाकडाचा. त्यावर असा प्रयोग केला कीं खालून जाणाऱ्या माणसाच्या जिवास धोका ठरलेलाच. २०१७ च्या जुलईंत मुंबईस चेंबूर येथें नारळाचें झाड कोसळून रस्त्यानें जाणारी एक स्त्री मृत्यु पावली. अशी दुर्घटना घडली म्हणजे लोक भयानें कुऱ्हाड मागतात. म्हणून झाडावर प्रेम करणारानें झाडाच्या धोक्याविषयींहि खरें बोललें पाहिजे. नाहीं तर एक कुजलेलें झाड पडतें आणि त्याच्या पापानें दहा निरोगी झाडें जातात.

आतां केडगांवासारख्या ठिकाणीं हातीं घेण्याजोगीं कामें सांगतों. त्यांतील बहुतेकांत लाकूड निघतच नाहीं, हा त्यांचा पहिला गुण.

एक, खिळे काढणें. शिकवण्या, दवाखाने, भाड्याच्या खोल्या यांच्या पाट्या झाडांस ठोकण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे. खिळा सालीखालचा रसवाही थर फोडतो आणि कुजेस वाट करून देतो. पुण्यांत ‘आंघोळीची गोळी’ अशा गमतीदार नांवाच्या तरुणांच्या संस्थेनें झाडें खिळेमुक्त करण्याची मोहीम चालविली. हें काम जमिनीवर उभें राहून होतें, मात्र खिळा कसा उपटावा म्हणजे साल फाटत नाहीं, तें जाणत्यानें दाखवावें लागतें.

दोन, पिंजरे सोडविणें. रोप लावतांना भोंवतीं लोखंडी पिंजरा बसवितात, छायाचित्र काढतात आणि विसरतात. पुढें खोड जाड होतें, पिंजरा सालींत रुततो आणि ज्यानें बाळपणीं राखलें तोच तरुणपणीं गळा आवळतो. तारा कापण्याचें एक हत्यार आणि एक सकाळ, एवढ्यांत कित्येक झाडांचा फांस सुटेल.

तीन, बुंधे मोकळे करणें. रस्ता, पदपथ किंवा अंगण करतांना सिमेंट अगदीं खोडापर्यंत आणून भिडविण्याची चाल पडली आहे. झाडाचीं अन्नपाणी घेणारीं बारीक मुळें बहुतेक वरच्या हात-दीड हात मातींतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याहि पलीकडे पसरतात. त्यांस हवा लागते, पाणी लागतें. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१३ सालीं दिल्लींतील झाडांभोंवतालचें एक मीटर त्रिज्येंतील सिमेंट काढून टाकण्याचा आदेश दिला होता. तें काढतांना कुदळीनें मुळेंच तुटूं नयेत, एवढ्यासाठीं तेथें वृक्षवैद्य हजर असावा.

चार, पावसाळ्यापूर्वींची तपासणी. चैत्र-वैशाखांत दोघां-तिघां जाणत्यांनीं शाळा, बाजार, देवळाचा परिसर आणि बसथांबे येथील झाडें फिरून पाहावींत. कोठें वाळलेली फांदी लोंबते आहे, कोठें बुंध्याशीं अळंबी उगवली आहे, कोणत्या बाजूची माती उचलली गेली आहे, हें लिहून काढावें आणि तो कागद महानगरपालिकेस द्यावा. फांदीवर घरटें असल्यास तेंहि लिहावें. या कामास करवत लागत नाहीं; डोळे लागतात, आणि ते डोळे वर्षानुवर्षांच्या धंद्यानेंच तयार झालेले असतात.

पांच, वटपौर्णिमेची सोय. शहरांत त्या दिवशीं वडाच्या फांद्या तोडून बाजारांत विकावयास आणतात, आणि ज्या वृक्षाच्या दीर्घायुष्यावरून पतीचें आयुष्य मागावयाचें त्याचेच हातपाय तोडले जातात. रोपवाटिकावाल्यांनीं त्या दिवशीं कुंडींतील वडाचीं रोपें पूजेस मांडावीं आणि नंतर तीं मोकळ्या जागीं लावून तीन उन्हाळे जगवावीं. लावण्यापेक्षां जगविण्यास अधिक श्रम पडतात, हें रोपवाटिकावाल्यावांचून कोणास ठाऊक असणार?

जुन्या वृक्षांविषयीं एक उदाहरण देतों. सांगली जिल्ह्यांत भोसे येथें सुमारें ४०० वर्षांचा मानला जाणारा वटवृक्ष होता. महामार्गाच्या कामांत तो तुटणार असें दिसतांच लोक उठले आणि २०२० सालीं तो कुऱ्हाडीपासून वांचला. साऱ्या महाराष्ट्रानें आनंद मानला. परंतु २०२२ च्या जूनमध्यें तोच वृक्ष पावसांत कोसळला. वृद्ध माणसास फांशीपासून सोडविलें म्हणजे आपलें कर्तव्य संपत नाहीं. त्याला पुढें औषधपाणी लागतें, आधार लागतो. २०२१ सालीं आपल्या राज्यानें कायद्यांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून अधिक वयाच्या झाडांस ‘वारसा वृक्ष’ म्हणून मान दिला. मान मिळाला, आतां वैद्य मिळाला पाहिजे.

कायद्याचा विषय निघालाच आहे, तर एक सूचना. शहरी भागांतील झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा अधिनियम केडगांवासहि लागू आहे. त्यांत ‘झाड तोडणें’ याच्या अर्थांत जाळणें, कापणें आणि कोणत्याहि प्रकारें इजा करणें यांचाहि समावेश होतो. सद्हेतु हा परवाना नव्हे. श्रमदानाचा दिवस ठरला म्हणजे प्रथम वृक्ष अधिकाऱ्यास अर्ज करावा, लेखी अनुमति घ्यावी आणि मगच दोर झाडावर टाकावा.

आणि आतां या विषयांतील सर्वांत नाजूक गोष्ट. धंद्याचा मालक म्हणतो, ‘आज आमचें काम विनामूल्य आहे.’ त्याचें अभिनंदन करण्यापूर्वीं आपण वर पाहावें. चाळीस फुटांवर दोरास लोंबकळत जो माणूस करवत चालवीत आहे, त्याचा आजचा रोज कोण देतो? तो बुडाला असेल, तर दान मालकाचें नव्हे, त्या मजुराचें आहे, आणि तेंहि त्याला न विचारतां घेतलेलें. उद्यां तो पडला, त्याच्या करवतीस विजेची तार लागली, तर त्याच्या मुलाबाळांस कोण पाहील? विनामूल्य कामांत अपघात विनामूल्य होत नाहीं. म्हणून माझ्या मतें दुसरी अट ही कीं, श्रमदानाच्या दिवशीं मजुरास पुरा रोज मिळावा, त्याचा विमा उतरलेला असावा, डोक्यास टोप व कमरेस पट्टा असावा, आणि तारांजवळचें काम वीजप्रवाह बंद असल्याची खात्री झाल्यावांचून सुरू होऊं नये. मालकानें आपला नफा दान करावा. दुसऱ्याच्या जिवाचें दान करण्याचा अधिकार कोणासहि नाहीं.

त्याचप्रमाणें उत्साही विद्यार्थी, निवृत्त गृहस्थ, महिला मंडळें यांनीं जमिनीवरच राहावें. जमिनीवरचें काम कमी प्रतीचें आहे असें कोणीं मानूं नये. नगरच्या किल्ल्यांत १९४२ पासून स्थानबद्ध असतां पंडित नेहरू उन्हांत तेथली कठीण, दगडगोट्यांनीं भरलेली जमीन खणीत आणि तींत फुलझाडें वाढवीत. आळें करणें, पाणी घालणें, माती भुसभुशीत करणें हें कोणाच्याहि प्रतिष्ठेस शोभणारें काम आहे. वर चढणें मात्र ज्याचें त्यानेंच करावें.

कोणी म्हणेल, हे धंदेवाले जाहिरातीसाठींच पुढें येतील. येऊं द्यावे. सदावर्त घालणाराचेंहि नांव होतेंच. काम चांगलें झालें असेल तर त्याचें नांव सांगण्यास आपणहि कचरूं नये. फक्त त्यानें आपली पाटी झाडास ठोकूं नये, म्हणजे झालें!

शेवटीं आपण सुशिक्षित कुटुंबांतील मंडळींनीं काय करावें? फुकट सेवा घेण्याची पात्रता, श्रोतेहो, नेहमींच्या कामाचें योग्य मोल देण्यानें येते. वर्षभर आपल्या आंब्याची छाटणी जो करतो त्याच्याशीं घासाघीस करून त्याचा रोज पाडावयाचा, आणि वर्षांतून एकदां त्यानें गांवासाठीं राबावें अशी अपेक्षा ठेवावयाची, हें न्यायाचें नाहीं. त्यास पुरतें मोल द्यावें, कसें कापणार तें अगोदर विचारावें, आणि जो ‘पैसे नकोत, लाकूड द्या’ म्हणेल त्यास दारांतूनच परत पाठवावें. आपल्या एका नकारानें वैद्याचा धंदा टिकेल आणि व्यापाऱ्याचा मोह कमी होईल. मग येत्या चैत्रांत एखाद्या रविवारीं दहा माणसें, एक वही आणि एक जाणता वृक्षवैद्य एवढ्या सामग्रीवर आरंभ करतां येईल. पहिल्या वर्षीं आपल्या आळींतील झाडांची यादी झाली आणि त्यांतील खिळे निघाले, तरी पुष्कळ झालें. दुसऱ्या वर्षीं त्याच वहींत पुढचें पान उघडावें.